सिग्नलला लागणारा तीव्र मध्यम

हिशेब आधी सांगते. गाडीतल्या म्युझिक सिस्टिममध्ये एक नको असलेला स्वर यायचा, तो बिघाड शोधण्याचे 800 रुपये, केबल, फ्यूज आणि किरकोळ सामानाचे 350, एकूण 1150. याच बिघाडावर त्याआधी सहा महिन्यांत मी 1650 रुपये घालवले होते आणि बिघाड होता तिथेच होता. हा रिव्ह्यू त्या 1150 रुपयांचा आहे. 1650 चा उल्लेख ओघाने येईल, पण दुकानाचं नाव लिहिणार नाही. ज्यांनी काम केलं त्यांचंही लिहीत नाही. त्यांनीच हात जोडून सांगितलं, "ताई, नाव टाकू नका, मी एकटा माणूस आहे, गर्दी झाली तर कुणाचंच काम धड होत नाही." नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं जिथे संपत येतात तिथल्या एका बोळात ते बसतात, एवढंच सांगते.

मी गाणं शिकवते. आठवडाभर पुण्यात, शनिवारी साताऱ्यात. गाडी दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, मागच्या सीटवर तानपुरा, डिकीत पेटी. साताऱ्याला जाता-येता मुलींनी पाठवलेली रियाजाची रेकॉर्डिंग्ज ऐकते. घरात तेवढी सलग शांतता मिळत नाही. गेल्या दिवाळीत जुन्या डेकचा, म्हणजे गाडीतल्या रेडिओ-प्लेयरचा, एका बाजूचा आवाज गेला, तेव्हा म्हटलं आता नीटच करू. नवा डेक, चार चॅनलचा ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारा डबा), चार स्पीकर. दुकान चकचकीत, एसी, कॉफी वगैरे. काम झाल्यावर पोराने गाणं लावून दाखवलं, मी डोळे मिटून ऐकलं आणि खूश होऊन पैसे दिले. इंजिन बंद होतं हे माझ्या लक्षातही आलं नाही.

गाडी चालू केली, स्वारगेटच्या सिग्नलला थांबले आणि रेकॉर्डिंगमधल्या तानपुऱ्याच्या मागे काहीतरी बारीक ऐकू आलं. ऊंऽऽ असा सुईसारखा स्वर. सिग्नल सुटला, ॲक्सिलरेटर दिला, तसा तो स्वर मींड घेत वर गेला. गिअर बदलला, खाली आला. खंबाटकी घाटात तर विचारू नका. दुसरा गिअर, तिसरा गिअर, परत दुसरा, आणि मागे ही अखंड आलापी. गाणं बंद करून आवाज शून्यावर नेला तरी ही आपली चालूच.

माझ्या कानाला एक खोड आहे, स्वर ऐकला की तो कुठला हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. घरी आल्यावर पार्किंगमध्येच ॲपवर तानपुरा लावला. गाडी नुसती उभी असताना, इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा काटा 800 वर, तो स्वर पेटीच्या पांढरी दोन पट्टीच्या किंचित वर होता. आमच्या मुली काळी चारमध्ये गातात. काळी चारचा सा धरला तर पांढरी दोन हा तीव्र मध्यम, म्हणजे चढा म. म्हणजे भूप रागाचं रेकॉर्डिंग लावावं, ज्यात मध्यम वर्ज्य, आणि प्रत्येक सिग्नलला माझ्या गाडीने तीव्र मध्यम लावावा. एका मुलीला मी फोनवर रागावले होते की मध्यमाचा भास होतोय. तिची माफी मागायला लागली.

मग काटा 1600 वर नेला. स्वर बरोबर एक सप्तक वर. हे मी तीनदा करून बघितलं. पुढे याचा उपयोग झाला म्हणून सांगते. इंजिनिअरिंगला असलेल्या एका विद्यार्थ्याने कागदावर मांडून दाखवलं. गाडीचा डायनामो, म्हणजे अल्टरनेटर, मुळात एसी करंट तयार करतो आणि आतले डायोड त्याचा डीसी करतात, पण तो डीसी अगदी सपाट नसतो, त्यावर बारीक लाटा उरतात. बारा पोलचा, म्हणजे आत बारा चुंबकध्रुव असलेला, डायनामो असेल तर एका फेऱ्यात अशा 36 लाटा. पुलीमुळे डायनामो इंजिनाच्या साधारण अडीचपट फिरतो असं धरलं, तर 800 ला तो मिनिटाला 2000 फेरे घेतो, आणि सेकंदाला 1200 लाटा होतात. पेटीवर 1200 हर्ट्झ कुठे येतं ते बघा, पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये. मी ऐकलं तेच. हायवेला 2500 वर तोच स्वर 3750 हर्ट्झपर्यंत जातो, आणि माणसाचा कान नेमका याच टापूत सगळ्यात तिखट असतो. म्हणून आवाज बारीक असूनही डोकं उठतं.

आता त्या 1650 चं. दुकानात परत गेले तर पहिलं उत्तर, "मॅडम, एवढं सगळ्यांनाच येतं, तुमचा कान जास्त आहे." कान जास्त आहे, त्यावरच माझं पोट चालतं, हे तिथे बोलले नाही. मग त्यांनी डेकच्या पॉवरच्या वायरीत 700 रुपयांचा फिल्टर घातला. फरक शून्य. दोन आठवड्यांनी 500 रुपयांची जाड, निळी, 'डबल शिल्ड' आरसीए वायर, म्हणजे डेककडून ॲम्पकडे आवाजाचा सिग्नल नेणारी. फरक शून्य. शेवटी 450 रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर.

आयसोलेटरबद्दल नीट लिहायला हवं. तो ऑनलाइन सगळीकडे मिळतो आणि त्याखाली 'जादू झाली' असे शेरे असतात. छोटी काळी डबी, दोन्हीकडून आरसीएच्या शेपट्या. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर. आवाज चुंबकातून पलीकडे जातो आणि दोन्हीकडच्या अर्थचा (अर्थिंगचा, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या निगेटिव्हचा) संबंध तुटतो. कल्पना खोटी नाही. ती लावल्यावर माझ्या गाडीतला स्वर खरंच गेला, आणि मी साताऱ्यापर्यंत आनंदात गेले. परत येताना तबल्याचं सोलो लावलं. डग्गा गायब. म्हणजे बोल कळत होते, पण घुमारा नाही, कुणी डग्ग्यावर उशी ठेवल्यासारखं. तानपुऱ्याची खर्जाची तारही पातळ झाली होती. काळी चारला ती तार शंभर हर्ट्झच्या जरा वर असते, आणि स्वस्तातल्या एवढ्याशा ट्रान्सफॉर्मरला तिथून खालचं ओझं पेलत नाही. ज्यांना गाडीत बातम्या आणि भाषणं ऐकायची आहेत त्यांनी खुशाल लावावा. फोन चार्जिंगला लावून ऑक्सच्या वायरीने गाणी ऐकताना जी घरघर येते, तिच्यावरही याचा 3.5 मिलिमीटरवाला भाऊ चांगला चालतो. माझ्या भाच्याच्या गाडीत तो तीन वर्षं आहे आणि तक्रार नाही. पण नव्या स्पीकरला पैसे घालून वर ही डबी लावणं म्हणजे भरजरी शालूवर रेनकोट.

नाना पेठेतला पत्ता आमच्या तबलजींनी दिला. "काका तिरसट आहेत, पण कान आहे," एवढीच शिफारस. बुधवारी अकराला बोलावलं होतं. मी पावणेअकराला पोचले, काका पाऊण वाजता उगवले. साठीच्या पुढचे, खिशाला टेस्टर, बटणांना ग्रीसचे डाग. दुकान म्हणजे एक शटर, आत एक बाक, एक लोखंडी कपाट आणि वायरींच्या भेंडोळ्यांचा डोंगर. गाडी बोळातच उभी करायची. मी गोष्ट सुरू केली, दिवाळी, दुकान, फिल्टर. त्यांनी हात वर केला. "मॅडम, ते राहू द्या. आवाज इंजिनाबरोबर चढतो का नाही?"

म्हटलं चढतो. 800 चे 1600 केले की बरोबर एक सप्तक.

ते थांबले. "सप्तक म्हणजे दुप्पट ना? मग डायनामोच. टकटक चढली असती तर प्लगकडे बघितलं असतं. चढत-उतरत नसता तर पेट्रोलचा पंप." आणि मग, "आवाज शून्यावर नेला तर कमी होतो?" नाही म्हटल्यावर मान हलवली. म्हणजे आवाजाच्या बटणाच्या पुढे कुठेतरी तो आत शिरतोय. एवढ्या दोन प्रश्नांत अर्धी गाडी बाद झाली. सहा महिन्यांत हे दोन प्रश्न मला कुणी विचारले नव्हते.

इथून पुढे मी बाकावर न बसता त्यांच्या मागे उभी राहिले. आधी आयसोलेटर काढला. "ही पट्टी सोडा आधी. जखम दिसली पाहिजे." स्वर परत आला. मग डिकीत ॲम्पला जोडलेल्या आरसीए वायरी उपटल्या. शांतता. म्हणजे ॲम्प स्वतः आणि त्याची पॉवरची वायर निर्दोष, घाण आरसीएतून येते. (पॉवरला लावलेला 700 चा फिल्टर का लागू पडला नाही ते इथे कळलं.) खिशातून दोन जुन्या आरसीए पिना काढल्या, आतला काटा आणि बाहेरचं कडं सोल्डरने एकत्र जोडलेल्या, घरीच बनवलेल्या. त्या ॲम्पमध्ये खोचल्या, तरी शांतता. मग माझा फोन एका छोट्या वायरीने थेट ॲम्पला लावला आणि इंजिन चालू ठेवून भूप लावायला सांगितला. भूप. नुसता भूप. मध्यम नाही. मला तिथेच रडू यायचं बाकी होतं, पण काका म्हणाले, "अजून काहीच केलं नाही मी, थांबा."

त्यानंतर ॲम्पची अर्थची वायर कुठे जाते ते बघायला त्यांनी डिकीचं कव्हर उचललं आणि पहिल्यांदा शिवी दिली. माझ्याकडे बघून 'सॉरी ताई' म्हणाले. तिथून मी मॅडमची ताई झाले. अर्थची वायर मागच्या सीटबेल्टच्या बोल्टखाली दाबली होती. बोल्टखाली कंपनीचा रंग जसाच्या तसा, आणि बोल्टच्या आट्यांवर तो सुटू नये म्हणून लावलेला चिकट थर. करंट जाणार कुठून? शिवाय सीटबेल्टचा बोल्ट हा जीव वाचवायला असतो, त्याच्याखाली वायरीची थिंबल (टोकाची धातूची कडी) सारायची नसते. त्यांनी मीटरला लांब वायर जोडून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर दिलं, दुसरं ॲम्पच्या अर्थच्या स्क्रूवर. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा डीफॉगर, सगळं चालू. 0.4 व्होल्ट. "शून्याच्या जवळ पाहिजे. हा अर्थ कच्चा." बॅटरीवर 14.1 होते, म्हणजे डायनामो ठणठणीत. मीटर एसीवर करून तिथल्या लाटाही मोजल्या आणि डायोडला दोष नाही असं सांगितलं. नाहीतर डायनामो खोलायचा खर्च अंगावर येतो.

नवा अर्थ त्यांनी असा केला. डिकीच्या पत्र्यावरचा एक रिकामा बोल्ट शोधला, त्याच्याभोवती रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने घासली, इतकी की पत्रा आरशासारखा पांढरा दिसायला लागला. अर्ध्या मीटरपेक्षा कमी लांबीची तांब्याची वेल्डिंग केबल, तिला थिंबल, थिंबलखाली दातेरी वायसर, बोल्ट आवळून वरून ग्रीस, म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. दुकानातून आलेली जुनी वायर त्यांनी ब्लेडने सोलून माझ्यासमोर धरली. बाहेरून तांबूस, कापलेल्या टोकाला चंदेरी. आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियम तांब्याच्या साठेक टक्केच करंट सुखाने नेतं. दागिन्यांत असं केलं तर आपण पोलिसात जातो.

आता मीटरवर 0.02. आरसीए परत लावल्या. स्वर अर्ध्यावर आला होता. गेला नव्हता.

मला वाटलं हे आता 'एवढं येणारच' म्हणतील. ते न बोलता पुढच्या सीटवर गेले, डेक बाहेर ओढला, मीटरचं एक टोक डेकच्या पत्र्याला आणि दुसरं आरसीएच्या बाहेरच्या कड्याला लावलं. जोड शाबूत असेल तर मीटर बोलला पाहिजे, म्हणजे टीऽऽ करायला पाहिजे. गप्प. काका पहिल्यांदा हसले. "मेला आहे." काही डेकमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कड्याचा अर्थ डेकच्या आत तांदळाच्या दाण्याएवढ्या फ्यूजमधून जातो. डेक चालू असताना कुणी आरसीए घुसवल्या किंवा ते कडं पॉझिटिव्हला लागलं की तो दाणा उडतो. डेक वाजत राहतो, बिघडल्यासारखा दिसत नाही, फक्त आवाजाच्या सिग्नलला परत यायला स्वतःचा रस्ता उरत नाही. मग तो ॲम्पच्या अर्थमधून, गाडीच्या पत्र्यातून फिरून येतो आणि येताना पत्र्यावरचा डायनामोचा कचरा बरोबर आणतो. अर्थ कच्चा म्हणून कचरा जास्त, अर्थ पक्का केला तर कमी, पण रस्ता तोच.

एक वीतभर वायर घेतली, एक टोक डेकच्या मागच्या स्क्रूला गुंडाळलं आणि दुसरं टोक मला दिलं. "लावा त्या कड्याला." मी टेकवलं. स्वर गेला. उचललं, आला. टेकवलं, गेला. मी हे निदान आठ वेळा केलं असेल, काकांनी करू दिलं. मग त्यांनी ती वायर सोल्डर केली. डेक उघडून तो दाणा बदलता येतो, पण वॉरंटीचं सील तोडावं लागेल, तुम्ही ठरवा, असं सांगितलं. मी वायरीवर समाधानी आहे.

सगळं झालं असं मला वाटलं, पण खरा पारा इथे चढला. बॅटरीपासून निघालेली जाड लाल वायर त्यांनी हाताने चाचपत मागे आणली आणि फ्यूज सापडला तो डिकीत, ॲम्पच्या शेजारी. "हा फ्यूज ॲम्प वाचवेल. गाडी कोण वाचवणार?" बॅटरीपासून डिकीपर्यंत चारेक मीटर वायर पत्र्याच्या भोकांतून, सीटखालून विनाफ्यूज आली होती. कुठे सोललीच तर बॅटरीचा सगळा करंट तिथेच पेटणार. फ्यूज बॅटरीजवळ, वीतभर-दोन वितींच्या आत हवा. तो त्यांनी बोनेटखाली आणला आणि पत्र्यातून जाणाऱ्या भोकात रबरी बूच घातलं. आवाजासाठी गेलेल्या मला याची कल्पनाच नव्हती. तुमच्या गाडीत ॲम्प असेल तर आज बोनेट उघडून एवढं बघाच, आवाज येत असो वा नसो.

आता तक्रारी. वेळ पाळत नाहीत. एकूण चार तास लागले, त्यात एक तास त्यांचं जेवण. फोन उचलत नाहीत, उचलला तर 'या' एवढंच म्हणतात. बिल नाही, कागदावर पेन्सिलीने आकडे. यूपीआय घेतात, पण स्कॅनर कपाटाच्या आत चिकटवलेला आहे, तो काढायला कपाट रिकामं करावं लागतं. छताच्या कापडावर ग्रीसचं एक बोट उमटलंय ते अजून गेलेलं नाही. पॉवरची आरसीएपासून फारकत त्यांनी केली नाही. दोन्ही वायरी अजून गाडीच्या एकाच बाजूने जातात. पूर्ण आतलं उचकटावं लागेल, दोन दिवस गाडी ठेवा, आणि आता आवाज नाही तर कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं, पण पहिल्यांदाच ॲम्प बसवणाऱ्यांनी पॉवर एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यायला सांगावं. ॲम्पचा गेन, म्हणजे आलेला सिग्नल किती वाढवायचा ते बटण, पुरा पिळून ठेवलेला होता, तो त्यांनी अर्ध्यावर आणला. त्याने मोठ्या आवाजातली फरफरही गेली.

आणि एक आवाज उरलाच. विविध भारती 101 वर लावली की कधी कधी खरखर येते. ही अर्थची नाही. डॅशकॅमच्या स्वस्त चार्जरची आहे. चार्जर उपटला की जाते. काकांनी चार्जरकडे बघून "दीडशेचा आहे ना?" विचारलं आणि पुढे काही बोलले नाहीत. दीडशेचाच होता.

गेल्या शनिवारी खंबाटकी चढताना त्याच मुलीचं भूपाचं नवं रेकॉर्डिंग लावलं. दुसरा गिअर, तिसरा, परत दुसरा. मागे फक्त इंजिनाचा आपला आवाज, जो आधीपासून होता आणि असायलाच हवा. अंतऱ्यात तार षड्जाला ती जराशी उतरते. हे पूर्वी मला ऐकूच आलं नसतं.

जायचं असेल तर सकाळी न जाता जेवणानंतर जा, सोबत काहीतरी वाचायला न्या, आणि बिघाडाची गोष्ट न सांगता तो आवाज कधी येतो, कधी जातो, बटणाने बदलतो का, एवढंच सांगा. चहा विचारतील, घ्या, पण साखर कमी सांगायला विसरू नका.